जावेची भज्जी

माझी धाकटी जाऊ मुरुमला शाळेत मास्तरीण आहे आणि मी तिच्यावर जळते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला समजूतदार बाई समजायला नको. जळायचंच तर उघड जळावं असं माझं मत आहे. आतल्या आत जळणाऱ्या बायका मी पुष्कळ बघितल्या, त्यांच्या हातचा चहासुद्धा कडू होतो.

दहावीला मला चांगले मार्क पडले होते. पुढं शिकते म्हटलं तर वडील म्हणाले, "पोरीच्या जातीला एवढं लई झालं," आणि दोन वर्षांत मी उमरगा तालुक्यातल्या या घरात भाकरी थापायला येऊन बसले. चार वर्षांनी धाकट्या दिराचं लग्न झालं. ही आली ती डी.एड. होऊन, आणि वर्षाच्या आत नोकरीला लागली. मी भरलेला डबा सकाळी पिशवीत टाकायचा, निऱ्या सारख्या करायच्या आणि एसटीला जायचं, असा तिचा दिवस. संध्याकाळी ती आली की सासूबाई मला हाक मारायच्या, "अगं, ती दमून आली, च्या टाक." मी दिवसभर काय लोळत पडलेली असायचे? पण चहा टाकायचे. आलं घालून टाकायचे.

तिला एकच मुलगी झाली. मला दोन मुलगे. मुलग्यांना चुलीची आठवण ताटावर बसताना यायची, तेवढीच. पोरगी मात्र रांगायला लागली तशी माझ्या स्वयंपाकघरातच. आई शाळेत, बाप शेतात, पोरगी माझ्या पाटापाशी. मला ती मोठी आई म्हणते. चार वर्षांची असताना तुरीच्या शेंगा सोलायची आणि निम्मे दाणे खायची. आठव्या वर्षी आमटी नुसती हुंगून सांगायची, "मोठी आई, मीठ इसरलीस." मीठ खरंच विसरलेलं असायचं. मी तिच्या हातात पळी दिली, लाटणं दिलं, फोडणीचा आवाज ऐकून गॅस कधी बारीक करायचा ते शिकवलं. तिच्या आईनं तिला पाढे शिकवले.

पुढं ती हॉटेलातलं शिकायला हैदराबादला गेली, तिथून फ्रान्सला, मग जपान की व्हिएतनाम असं कुठंतरी, आणि परत हैदराबादला. आता तिथल्या एका मोठ्या बिस्ट्रोत ती मुख्य स्वयंपाकीण आहे. बिस्ट्रो म्हणजे काय ते मला जावेनंच समजावलं.

"फ्रेंच लोकांची खानावळ असती अक्का. पर ही लई भारीतली. त्यात जपानकडचं, चीनकडचं बी घालतात."

"मग खानावळच म्हण की," मी म्हटलं. तिचं तोंड एवढंसं झालं. मला त्या दिवशी जेवण चांगलं गेलं.

मागच्या वर्षी मुरुमला शाळेत पोरीचा सत्कार झाला. पोरीसोबत तिच्या आईचाही. पाहुणे माइक धरून म्हणाले, "आईच्या हाताची चव लेकीच्या हातात उतरते, ती अशी!" टाळ्या पडल्या. शाल जावेच्या खांद्यावर, नारळ जावेच्या ओटीत. जिच्या भाकरीला आजवर एकदा नीट पापुद्रा सुटला नाही, जी फोडणी घालताना दोन पावलं मागं सरते, तिच्या हाताची चव! मी तिसऱ्या रांगेत बसले होते. जावेनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घातली. "बाबांनो, ही पोरगी माझ्या थोरल्या जावेच्या चुलीपाशी वाढली," एवढंही तिच्या तोंडून निघालं नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते हेच. पोरगीही बोलली ती गुरुजनांचे आभार मानून बसली. मी हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या, आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

म्हणून पोरीचा फोन आला, "तुमी दोघीच या, माझ्या हातचं एकदा बसून जेवा," तेव्हा मी लगेच हो म्हटलं. माझं गणित वेगळं होतं. मला तिथं एकच गोष्ट हवी होती. पोरीनं तिच्या तोंडानं, तिच्या आईच्या देखत म्हणावं, की हे मी मोठ्या आईकडून शिकले. हे एक वाक्य ऐकलं की मला शाल नको न नारळ नको. जन्मभर हिचा चहा टाकला त्याचं चीज झालं असतं.

उमरग्याहून हैदराबादचा रस्ता चुकायची सोय नाही, ट्रकांच्या मागं मागं गेलं की पोचतोच. गावातली गाडी सांगितली होती. जावेनं मोरपंखी साडी नेसली होती, म्हणून मी माझी लग्नातली जरीची काढली. दुपारच्या जेवणाला पोचलो.

दार एवढंसं होतं. आत भर दुपारी अंधूक उजेड, आणि मला पहिल्यांदा खटकलं ते म्हणजे तिथं स्वयंपाकाचा वासच नव्हता. जिथं जेवण शिजतं तिथला वास उंबऱ्यातच यायला पाहिजे. इथं फुलांचा आणि पॉलिश केलेल्या लाकडाचा वास. लोक जेवताना इतकं हळू बोलत होते की कुणाचं तरी ऑपरेशन चाललंय असं वाटावं. आम्हाला खिडकीपाशी बसवलं. टेबलावर तीन तऱ्हेचे काटे, दोन सुऱ्या, आणि पितळी वाटीत पाण्यावर तरंगणारं एक फूल. फूल खायचं नसतं, हे मी ओळखलं.

पोरगी आत कामात होती. जावेनं चष्मा लावून कार्ड हातात घेतलं. वर्गात धडा वाचल्यासारखं तिनं मला ते मराठीत करून सांगायला सुरुवात केली, आणि मला ऐकणं भाग होतं, कारण कार्ड सगळं इंग्रजीत. अशा वेळी तिचा आवाज जरा जास्तच स्वच्छ होतो.

"कांद्याचं सूप हाय, फ्रेंच पद्धतीचं. त्यात जपानची आंबवलेली डाळ."

"आंबली म्हणजे खराब झाली की."

"तसं न्हाय अक्का. मुद्दाम आंबवतात. हे बघा, बिटाचे काप, काळे तीळ. हे अळंब्याचं, त्यात गवती चहा." मग ती थांबली. बोट एका ओळीवर ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं. "अक्का! भज्जी हाय! उमरग्याच्या रानातली भज्जी, असं छापलंय!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्षाच्या अमावास्येला आमच्याकडं येळवस असते. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायची, पूजा करायची, पिकावर आंबिल शिंपडायची, आणि मग बांधावरून जो जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. त्यानं नाही म्हणायची रीत नाही. माणूस दिवसभरात चार शेतांत जेवतो आणि चारही ठिकाणच्या भज्जीला मनातल्या मनात नंबर देतो. तूर, वाटाणा, वाल, हरभरा यांचे ओले दाणे, शेंगदाणे, मेथी, चाकवत, हाताला लागेल ते हिरवं, आणि त्यात चिंचेच्या कोळात कालवलेलं बेसन, ही ती भज्जी. बेसन पडलं की पळी थांबवायची नाही. थांबली की बुडाला लागलंच म्हणून समजा. माझी कधी लागली नाही. लोक दोन बांध जास्तीचे चालून आमच्या कोपीवर येतात ते कशासाठी, हे मी माझ्या तोंडानं काय सांगू?

"तुमची भज्जी हो अक्का, हितं!" जाऊ म्हणाली.

मी वरवर म्हटलं, "असंल कायतरी." आत मात्र माझी छाती दोन इंच वर आली. आता पोरगी येणार, सांगणार, आणि ही मोरपंखी साडी नेसून ऐकणार.

पण आधी भलतंच झालं. एका पोरसवदा वाढप्यानं आमच्यापुढं दोन मोठ्या पांढऱ्या ताटल्या ठेवल्या. प्रत्येकीत बिटाचे तीन काप, कडेला काळ्या तिळाची बोटभर रेघ. आता आमच्यात पान पुरतं वाढून झाल्याशिवाय घासाला हात लावत नाहीत. मीठ, चटणी, कोशिंबीर, भाजी, भाकरी, सगळं ताटात आलं, वाढणारी "करा सुरू" म्हणाली, की मग. हातावर चापट्या खाऊन शिकलेली गोष्ट, ती अशी सुटत नाही. आम्ही दोघी मांडीवर हात ठेवून बसलो.

"एवढी मोठी ताटली दिलीय, म्हणजे बाकीचं येतंय," जाऊ म्हणाली.

"मीठसुदिक वाढलं न्हाय अजून," मी म्हटलं.

बराच वेळ गेला. वाढपी आला, ताटल्यांकडं बघितलं, जरा घुटमळला आणि ताटलीकडं हात करून म्हणाला, "मे आय?" जावेला वाटलं, बाकीचं वाढू का म्हणून विचारतोय. ती शाळेतल्या आवाजात म्हणाली, "येस, येस, प्लीज." त्यानं दोन्ही ताटल्या उचलल्या आणि नेल्या. आम्हाला वाटलं, आत नेऊन भरून आणणार. तर तो दुसऱ्याच दोन ताटल्या घेऊन आला. त्यात रुपयाएवढी खुसखुशीत वाटी आणि वाटीत अळंबी. आम्ही परत मांडीवर हात. तो परत आला, परत "मे आय," परत हिचं "येस प्लीज," आणि तेही गेलं.

"हे काय चाललंय गं?" मी म्हटलं. "नुसतं दाखवून न्यायला हे रुखवत हाय का?"

जाऊ हसणार तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि पोरगी बाहेर आली. अंगात पांढरा कोट, केस जाळीत बांधलेले, आणि तोंड उतरलेलं. लहानपणी भाकरी करपली की असंच व्हायचं तिचं. ती आमच्या खुर्च्यांच्या मधे वाकली.

"आई, मोठी आई, आवडलं न्हाय का? ताटल्या जशाच्या तशा माघारी आल्यात. आत सगळे माझ्याकडं बघायलेत."

"अगं, तू अजून वाढलंस कुठं?" जाऊ म्हणाली. "आमी वाट बघायलोत."

पोरीनं आमच्या मांडीवरच्या हातांकडं बघितलं. मग तिच्या ध्यानात आलं आणि तिनं कपाळाला हात लावला. ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरच्या दोन मुली वळून बघायला लागल्या. "इथं एकामागनं एक येतं गं. पुढ्यात आलं की खायचं!"

माझा जीव त्या माघारी गेलेल्या अन्नात अडकला होता. "ते दोन्ही परत आण. मी खाते," मी म्हटलं.

"ते गेलं आता, मोठी आई. ऱ्हाऊ दे. मी भज्जीच आणते आधी. तिच्यासाठी तरी वाट बघू नका."

आणि ती स्वतः घेऊन आली. तळहाताएवढ्या दोन काळ्या लोखंडी कढया, त्यात हिरवट पिवळी भज्जी, वर फेस, आणि भज्जीबरोबरच्या बाजरीच्या उकडलेल्या उंड्यांच्या जागी बाजरीचाच कागदासारखा पातळ पापड उभा खोचलेला. "करा सुरू," ती म्हणाली आणि आमची तोंडं दिसायच्या आत पळाली.

जावेनं काटा बाजूला ठेवला आणि बोटांनी घास घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं तिखट लागलं. ती पाणी न पिता त्या वाढप्याकडं वळली आणि हिंदीत, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ये इनकी है. मेरी जेठानी की. मेरी बच्ची को इन्होंने सिखाया."

मी हातातला घास तसाच धरून राहिले. शेजारच्या मुलींनी माझ्याकडं बघून हात जोडले. वाढपीही वाकला. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि पोरीच्या तोंडून नव्हे तर खुद्द जावेच्या तोंडून. एवढं तर मी मागितलंही नव्हतं. मग मी तो घास तोंडात घातला.

आधी तूर लागली. मग मेथीचा कडवटपणा, मग चिंच. इथवर माझीच. आणि गिळताना मागून धूर आला. करपलेल्या बेसनाचा. अगदी थोडा, बेतानं ठेवलेला, पण तोच. माझी जीभ यात चुकत नाही. ती लागलेली भज्जी होती, आणि आमच्या घरात भज्जी एकदाच लागली होती.

पोरगी तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. येळवशीच्या तोंडावर मला टायफॉईड झाला. उठवत नव्हतं. त्या वर्षी जावेनं रजा काढली आणि सकाळपासून भज्जीला बसली. बेसन बुडाला लागलं. शेतात आल्यागेल्यांनी काय नावं ठेवायची ती ठेवली. संध्याकाळी माझ्यासाठी डब्यात घालून आणली, तेव्हा मी खाटेवर पडल्या पडल्या एक घास खाल्ला आणि डबा सारून दिला. "ही काय भज्जी हाय? म्हशीम्होरं ठेवा," म्हटलं. पोरीनं तो डबा माझ्या खाटेखाली बसून संपवला. बोटानं बूड खरवडून खाल्लं. मला वाटलं, दिवसभर कुणी तिच्याकडं बघितलं नाही, उपाशी आहे पोर.

त्यानंतर एक येळवस मी तिला मोकळं सोडलं नाही. पंगत बसली, पहिला घास गेला, की मी मोठ्यानं विचारायची, "लागलं न्हाय ना बुडाला? आमच्या मास्तरीणबाईंचा हात न्हाय बरं का ह्याला." पंगत हसायची. तीही हसायची, डोक्यावरचा पदर सारखा करत. वीस वर्षं. नोकरी, पगार, पोरगी, सगळं तिच्याकडं होतं. माझ्याकडं हे एक होतं, आणि मी ते दरवर्षी सगळ्यांसमोर वाजवून घेत होते.

भज्जी संपवून जाऊ हात धुवायला गेली. ती वळली तशी पोरगी आली. माझ्या तोंडाकडं बघूनच तिला समजलं.

"कळलं ना तुला?"

"लागलीय," मी म्हटलं.

"मुद्दाम. लई दिवस लागले मला तेवढीच लावायला. जास्त झाली की कडू होती, आनि कमी झाली की..." ती थांबली.

"की माझी होती," मी म्हटलं.

ती नाही म्हणाली नाही. माझ्या खुर्चीपाशी उकिडवी बसली आणि माझा हात हातात घेतला. "तुझी मी डोळे झाकून करते, मोठी आई. सगळं तुझ्याकडनंच आलंय. पर ही आईची. त्या दिवशी आई सकाळपास्नं घरी होती. मला मांडीपाशी घेऊन बसली होती. मला गोष्ट सांगत सांगत पळी फिरवायची इसरली, म्हनून लागली. मला शाळेचा एक दिवस आठवत न्हाय, पर ती चव आठवती."

मी त्या पोरीला हजार भाकऱ्या खाऊ घातल्या असतील. आणि तिनं जपून ठेवला तो तिच्या आईचा एक करपलेला दिवस. मला पोटात दुखलं. खरोखरच दुखलं, बरगड्यांच्या खाली.

"तिला सांगितलंस?" मी विचारलं.

"न्हाय. मी सांगितलं तर तिला चेष्टा वाटंल. स्वयंपाकातलं ती फक्त तुझं ऐकती. तू म्हनलीस तरच तिला खरं वाटंल. सांगशील ना?"

"सांगते," मी म्हटलं.

जाऊ ओले हात पदराला पुसत आली. मी सांगितलं नाही. पुढं कांद्याचं सूप आलं, ते आम्ही पुढ्यात आल्या आल्या खाल्लं. मग आलं घातलेलं गोड काहीतरी आलं, खरवसासारखं हलणारं. प्रत्येक वेळी मी म्हटलं, हे संपलं की सांगू. शेजारच्या त्या दोन मुली उठून जाताना मुद्दाम माझ्यापाशी आल्या, "भज्जी बहुत अच्छी थी, आंटी," म्हणाल्या, आणि मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. आशीर्वाद दिला हो मी त्यांना! दुसरीच्या भज्जीवर.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हरनं गाणी लावली होती. जाऊ खिडकीशी बसली होती. झहीराबाद मागं पडलं तेव्हा ती माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

"अक्का, त्या सत्काराच्या दिवशी तुमचं नाव म्या घ्यायला पायजे होतं. घेतलं न्हाय. आलं होतं तोंडापत्तूर, पर पोटात दुखायलं होतं माझ्या."

"तुझ्या कशाला दुखंल?" मी म्हटलं.

"का न्हाय दुखनार? म्या शाळेतनं यायची, तर पोरगी तुमच्याच चुलीपाशी. मला बघून उठायची बी न्हाय. रात्री झोपताना मला इचारायची, मोठी आईनं उद्या काय करायचं म्हनलंय? दुसऱ्यांच्या पोरी शिकवल्या म्या, आनि माझी तुमच्यापाशी. लई राग यायचा तुमचा. मला स्वयंपाक आला असता तर माझ्यापाशी बसली असती, असं वाटायचं." तिनं नाक पुसलं. "आज म्हनलं, देऊन टाकावं तुमचं तुम्हाला. आता हलकं वाटायलंय."

इतकी वर्षं मी तिच्यावर जळत होते आणि ती माझ्यावर, एकाच छपराखाली, एकाच पातेल्यातलं खाऊन. आणि ती मला जे देऊन मोकळी झाली होती ते माझं नव्हतंच. तिचं होतं. तिला आयुष्यभर जे हवं होतं ते त्या लोखंडी कढईत होतं, तिनं ते बोटांनी पुसून खाल्लं होतं, आणि तिला पत्ता नव्हता. माझ्या एका वाक्याचं काम होतं. तरी मी हुमनाबाद येईपर्यंत गप्प बसले. का, ते सांगू नये, पण सांगते. त्या दोन मुलींनी जोडलेले हात मला सोडवत नव्हते.

हुमनाबादच्या पुढं चहाला थांबलो. परत गाडीत बसल्यावर मी मनाचा हिय्या केला.

"ऐक. ती भज्जी माझी न्हाय. तुझी हाय. मला टायफॉईड झालता त्या सालची. लागलेली."

मला वाटलं, आता ही रडेल. तिचा चेहरा हळूहळू बंद झाला.

"अक्का," ती म्हणाली, "आजच्या दिवस तरी नको होतं."

"अगं, खरंच सांगायले. पोरगीच म्हनली."

"वीस वर्सं ऐकायले म्या हे. पाव्हन्यारावळ्यांसमोर ऐकलं, हसले बी. आज म्या एवढं मन मोकळं केलं, आनि आज बी तेच?"

मी देवाची शपथ घेतली, माझ्या मुलांची घेतली. पोरीला फोन लावून फोन तिच्या हातात दिला. पोरगी सांगायला लागली, ते मला बाहेर ऐकू येत होतं, तूच केलीस आई, गोष्ट सांगत होतीस, मी मांडीपाशी होते. जाऊ शांतपणे म्हणाली, "मोठी आईनं शिकवलं व्हय हे बोलायला?" आणि फोन माझ्या मांडीवर ठेवला. उमरगा येईपर्यंत ती खिडकीतून ट्रक बघत होती.

त्यानंतर मी तिला तीन-चार वेळा सांगून बघितलं. पहिल्यांदा ती उठून गेली. नंतर नंतर नुसती हसायला लागली, पंगतीत हसायची तशी, पदर सारखा करत. यंदाच्या येळवशीला मी तोंडातून टोमणा काढला नाही, तर ती दिवसभर माझ्याकडं संशयानं बघत होती, आता ही काय काढते म्हणून. आल्यागेल्याला मात्र ती कौतुकानं सांगत होती, "खावा, खावा, हैदराबादला छापलेली भज्जी हाय ही, आमच्या अक्कांची." आणि लोक मला नमस्कार करत होते. पोरीनं माझ्यावर एकच काम टाकलं होतं, कारण तिच्या मते माझ्या शब्दाला वजन होतं. ते वजन मी दरवर्षी थोडं थोडं उधळून बसले होते, हे पोरीला कुठं माहीत.

एवढं सगळं सांगितलंय, तर उरलेलंही सांगते. गाडीत जावेनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही, तेव्हा मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटायच्या आधी, अगदी घासभर, बरं वाटलं होतं.